एका डिस्कवर आम्ही दोघं

बल्लारपूरच्या आमच्या घराची डोळ्यांनी पाहिलेली आठवण माझ्याकडे एवढीच उरली आहे: चुलीमागची काळपट भिंत आणि तिच्यावर आईनं गेरूनं काढलेली दोन हरणं. तिसरीत असताना मला गोवर आला, ताप उतरला तेव्हा दिसणंही गेलेलं होतं. पुढचं सगळं घर मी कानांनी आणि नाकानं ओळखते. बाबा कागदाच्या कारखान्यात होते. पाळी संपवून आले की शिजलेल्या बांबूचा आंबूस वास त्यांच्या आधी दारातून आत यायचा. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे आणि आमच्या फळीवरचे पितळेचे डबे किणकिणायचे. उन्हाळ्यात कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, आईनं खलबत्त्यात ठेचलेला कैरीचा तक्कू, कढईत लाखोळीच्या डाळीचे वडे. आई मूळची आरमोरीकडची. वडे टाकताना ती तेलाशी बोलायची, "थांब ना बाप्पा, जळून राह्यलं का रे," असं. कोणी ऐकलं तर वाटावं घरात आणखी एक माणूस आहे.

खरंच आणखी एक माणूस होता, आणि तो कॉम्प्युटरमध्ये राहायचा. नागपूरच्या अंधशाळेत मी टायपिंग शिकले होते. बल्लारपूरला परत येऊन कॉलेजात नाव घातलं तेव्हा शाळेतल्या शेंडे सरांनी माझ्यासाठी एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि स्वतः पॅसेंजरनं, पडदा मांडीवर धरून, घेऊन आले. त्यावर विंडोज होतं, आणि विंडोजमध्ये पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आवाज पुरुषाचा आणि पक्का इंग्रज. आईनं त्याचं नाव ठेवलं साहेब. त्याला मराठी येत नसे, म्हणून मी नोट्स मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत टाईप करायची आणि साहेब त्या त्याच्या पद्धतीनं वाचायचा. दुष्काळाला तो 'डश्कल' म्हणायचा. आई भाकर थापता थापता हसायची. कॉलेजच्या अभ्यासाचं ब्रेलमध्ये काही मिळत नव्हतं, पण त्या वेड्यावाकड्या उच्चारांनी मला तो पहिल्यांदा स्वतःचा स्वतः वाचता आला. कोणाला "जरा वाचून दे ना" म्हणायला नको.

जाताना शेंडे सरांनी माझ्या हातात सीडींचा एक डबा दिला. "हा बॅकअप," ते म्हणाले. "मशीन आज जसं आहे तसं अख्खं या सीडींत उतरवलं आहे. कधी विंडोज बिघडलं तर यातून परत उभं राहील. पण एक लक्षात ठेव, वाचणारं सॉफ्टवेअर नव्यानं टाकता येणार नाही. त्याची परवानगी आपल्याला एकदाच मिळाली आहे." मी तो डबा आईच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवला.

माझा भाऊ सुनीलदादा चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला अभ्यासासाठी लिनक्स लागायचं. दुसरा कॉम्प्युटर घरात येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं माझ्याच मशीनच्या डिस्कचे दोन भाग केले. एका भागात माझं विंडोज, दुसऱ्यात त्याचं लिनक्स. मशीन सुरू केलं की आधी एक यादी यायची, कोणत्या भागात जायचं ते विचारणारी. ती यादी मुकी होती, कारण साहेब जागा व्हायचा तो विंडोज उघडल्यावर. म्हणून दादानं मला शिकवलं होतं: बारीक टिक ऐकू आली की खालचा बाण, मग एंटर. सकाळ माझी, संध्याकाळ त्याची. त्याचा आणि त्याचा मित्र गजानन याचा प्रोजेक्ट त्या दुसऱ्या भागात वाढत होता. घुग्घुसकडे कोळशाचे ट्रक ज्या काट्यावर तोलले जातात, त्या काट्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम.

परीक्षा तोंडावर आली होती. बी.ए.चं माझं शेवटचं वर्ष. अंधशाळेत एका शिक्षिकेची जागा रिकामी होती आणि सरांनी ती माझ्यासाठी अडवून धरली होती. पदवी हातात आली तर. वर्षभर मैत्रीण नसीमानं पुस्तकं वाचून दाखवली होती आणि मी टाईप केली होती. नसीमा आमच्या शेजारची, रहमानभाऊंची मुलगी. रहमानभाऊ लग्नांना मंडप, भोंगे आणि जनरेटर भाड्यानं द्यायचे. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, पण वाचताना एक अक्षर गाळायची नाही. अडलेल्या शब्दाचं स्पेलिंग म्हणून दाखवायची आणि पुढे जायची.

त्या दुपारी दादा म्हणाला, "शालू, माझ्या भागात जागाच उरली नाई. तुझ्यातली थोडीशी घेऊ का? तुझं सगळं तसंच राहीन."

"घे की," मी म्हटलं.

डिस्कमधली सीमा सरकवण्याचं काम चालू झालं. मी बाजूला बसून कैऱ्या सोलत होते. वीज जायची ती वेळ नव्हती, पण कूलरचा पंखा एकदम थकल्यासारखा झाला, मंद होत होत थांबला, आणि त्याच क्षणी मशीनची घरघरही. आमच्या जिल्ह्यातल्या कोळशावर कुठकुठचे दिवे लागायचे आणि आमच्याकडे अशी वीज जायची, ह्याचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं. पण त्या दिवशी दादा जे बोलला ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मेलो," तो म्हणाला.

वीज आल्यावर मी टिक ऐकली, बाण दाबला, एंटर दाबलं. साहेब आला नाही. पुन्हा केलं. आतून डिस्क कट्-कट्-कट् असा आवाज काढत होती, दाताखाली खडा आल्यासारखा. नसीमाला बोलावलं. ती वाचू लागली, "सी, ओ, आर, आर, यू, पी, टी..." दादा मध्येच म्हणाला, "बस झालं, समजलं." मग त्यानं स्वतःचा भाग उघडून पाहिला. लिनक्स नेहमीसारखं सुरू झालं. त्याचा प्रोजेक्ट जागच्या जागी होता. बिघडला होता तो फक्त माझा भाग.

त्या दोन-तीन दिवसांत घर कसं होतं ते सांगणं अवघड आहे. कोणी भांडत नव्हतं. भांडी मात्र जोरात ठेवली जात होती. मला दिसेनासं झालं तेव्हा मी लहान होते, काय गेलं ते कळायला वेळ लागला. साहेब गेला तेव्हा मी मोठी होते आणि मला त्याच दुपारी कळलं. माझी बोटं सवयीनं कीबोर्डवर जायची, आणि उत्तरादाखल काहीच यायचं नाही.

"डबा हाये ना सरांचा," आई म्हणाली. "त्याच्यातून काऊन नाई करून राह्यला?"

दादानं समजावून सांगितलं. सरांनी बॅकअप घेतला तेव्हा अख्खी डिस्क विंडोजची होती. त्यामुळे त्या सीडी परत टाकल्या की त्या अख्खी डिस्क मागणार. विंडोज उभं राहील, साहेब बोलेल, पण दादाचा भाग पुसला जाईल. आणि माझ्या वर्षभराच्या नोट्सही परत यायच्या नाहीत, कारण बॅकअप त्यांच्या आधीचा.

"मग तुझा प्रोजेक्ट आधी जमा कर," मी म्हटलं. ते मी मोठ्या मनानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं होतं.

"तो तुझ्या परीक्षेनंतर जमा होते," दादा म्हणाला.

बाबा अंघोळ करून आले, पाटावर बसले, ताट ओढलं. मग म्हणाले, "सुनील, तिचे कागद तुझ्याकडून दिसतात का नाई, ते पाह्य आधी. घराची एक खोली पडली म्हणून दुसऱ्या खोलीतून डोकावताच येत नाई असं थोडी असते."

बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण त्यांच्या बोलण्यावर दादाचा घास हातात राहिला आणि तो उठला. लिनक्समधून त्यानं माझ्या मोडलेल्या भागात शिरायचा प्रयत्न केला. किती तरी वेळ नुसत्या कळा वाजत राहिल्या. मग तो हळूच वाचायला लागला, "हिस्ट्री पेपर वन... अर्थशास्त्र... नसीमा हेल्प..." ती माझ्या फायलींची नावं होती. काही फायली उघडल्यावर नुसती चिन्हं निघाली, पण बहुतेक शाबूत होत्या.

आता वाट दिसत होती. माझ्या नोट्स एका कोऱ्या सीडीवर, त्याचा प्रोजेक्ट दुसऱ्या सीडीवर. मग सरांच्या डब्यातून विंडोज परत टाकायचं. पण हे काम लांबलचक, आणि मध्ये वीज गेली तर ती कट्-कट् करणारी डिस्क दुसऱ्यांदा वाचेलच याची दादाला खात्री नव्हती. बाबा रहमानभाऊंकडे गेले. रहमानभाऊ म्हणाले, "जनरेटर ले जाओ ना भाऊ, पण दुपारपर्यंतच. संध्याकाळी राजुऱ्याले लग्न हाये, गाडी भरा लागते."

सकाळी जनरेटर अंगणात आला आणि धडधडायला लागला. गल्लीतली कुत्री पळाली. डिझेलचा धूर थेट स्वयंपाकघरात, आई खोकत खोकत चहा करत होती. घरात कोऱ्या सीडी दोनच होत्या. पहिलीवर माझ्या नोट्स गेल्या. तपासणी झाली, नसीमानं वाचलं, "कम्प्लीट." दुसरीवर दादाचा प्रोजेक्ट जायला लागला. नसीमा वाचत होती, दादा श्वास रोखून उभा होता, मी त्याच्या शर्टाचं टोक धरून. नसीमा म्हणाली, "व्हेरिफाय..." आणि थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," दादा म्हणाला. "झालं. चांगली उतरली."

ती चांगली उतरली नव्हती. पडद्यावर तपासणी फसल्याचं आलं होतं आणि दादानं ओठांवर बोट ठेवून नसीमाला गप्प केलं होतं. नसीमानं मला हे नंतर सांगितलं. मी आज हे लिहिते तेव्हा मला तो क्षण दोन्ही बाजूंनी दिसतो: माझ्या बाजूनं फक्त एक थांबलेला शब्द आणि जनरेटरची धडधड, त्यांच्या बाजूनं दोन माणसं एकमेकांकडे बघत उभी, मध्ये मी, दादाच्या शर्टाला धरलेली. तिसरी सीडी आणायला चंद्रपूरला जावं लागलं असतं. परत येईपर्यंत जनरेटर राजुऱ्याला गेला असता. आणि माझा पहिला पेपर सोमवारी होता.

सरांच्या डब्यातली पहिली सीडी आत गेली. नसीमा वाचू लागली. सगळी डिस्क पुसली जाईल, पुढे जायचं का, होय असेल तर वाय दाबा. नेहमी दादा भराभर कळा मारायचा. तेव्हा मात्र काहीच वाजलं नाही.

"दादा?"

"हां. दाबून राह्यलो."

एक कळ वाजली.

मग वाट पाहणं. टक्के वाढायचे तसे नसीमा सांगायची, तिचा आवाज मात्र बसका झालेला. मला वाटलं धुरामुळे. मध्ये मध्ये मशीन पुढची सीडी मागायचं. एका सीडीवर ते अडलं. आतून फिरण्याचा आवाज वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. दादानं ती बाहेर काढली. मी ती हातात घेतली, ओढणीच्या मऊ टोकानं मधून कडेकडे पुसली आणि परत दिली. आवाज पुन्हा चढला आणि ह्या वेळी एका सुरात राहिला.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर बाहेर जनरेटरनं ठोका चुकवला. धड धड धड, मग नुसतंच धड. पंख्याचा वेग खाली आला. "डिझेलच्या नळीनं हवा धरली!" रहमानभाऊ ओरडले. "भाऊ, तो खालचा नट ढिला करा... नको, तुम्ही नको हात लावू, गरम हाये!" तरी बाबांनी हात लावला असणार, कारण ते "अगं आई गं" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. आई दारात जाऊन उभी राहिली. मी कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. आत डिस्क फिरत होती, बारीक थरथर. ती थांबली असती तर सगळ्यात आधी मला कळलं असतं, आणि मला ते कळायला नको होतं. जनरेटर आणखी दोनदा अडखळला, खोकला, आणि मग एकदम पूर्वीसारखा धडधडायला लागला. बाबा आत आले, बोटं पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि विचारलं, "हाये का चालू?"

"हाये," नसीमा म्हणाली.

शेवटची सीडी बाहेर आली. मशीन बंद होऊन परत सुरू झालं. यादी आली नाही, कारण यादीत ठेवायला आता एकच भाग होता. बराच वेळ काही नाही. मग विंडोजची ती ओळखीची धून, आणि पाठोपाठ साहेब, तसाच करडा, तसाच परका, "रेडी," असं काहीतरी म्हणाला. आई रडायला लागली. रहमानभाऊ खिडकीतून म्हणाले, "साहब बोला? चलो, अब हम चले," आणि जनरेटर बंद झाला. त्या शांततेत साहेब एकटाच बोलत राहिला. मी नोट्सची सीडी आत घातली आणि त्यानं मला 'डश्कल' वाचून दाखवला. दादा तेव्हा खोलीत नव्हता. आई म्हणाली, मागच्या पडवीत बसला आहे, थकला असेल.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते की बॅकअप घेतला एवढ्यानं तो होत नाही, उघडून पाहिला तर होतो. त्यांना ते मास्तरणीचं पाठ केलेलं वाक्य वाटतं.

माझी परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. शेवटच्या पेपरानंतर एका दुपारी दारात मोटरसायकल थांबली. गजानन होता, घुग्घुसहून उन्हात आलेला. आत न येताच ओरडला, "सुन्या, सीडीत अर्धं काईच नाई बे! काट्याचा सगळा हिशेबच नाई! माझ्याजवळ होळीच्या आधीचं हाये फक्त. तू मले काऊन नाई सांगितलं?"

दादा त्याला गल्लीच्या टोकाला घेऊन गेला, पण तोवर मी ऐकलं होतं. मी भिंत धरून शेजारी गेले आणि नसीमाला विचारलं. ती आधी रडली, मग सांगितलं.

दादा परत आला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसले होते. "तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"आणि तरी दाबलं?"

"तुह्या परीक्षेले दुसरी तारीख नव्हती." तो माठातलं पाणी प्यायला. "माह्या प्रोजेक्टले हाये. दिवाळीनंतर जमा करीन. गज्या शिव्या देईन, देऊ दे."

"मले विचारलं काऊन नाई?"

"विचारलं असतं तर तू नाई म्हटली असती."

हे खरं होतं, आणि मला त्याचाच राग आला. त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्यासाठी काही करताना माणसं मला न सांगता करतात हे मी लहानपणापासून सोसत आले होते, आणि हे त्यातलं सगळ्यात मोठं होतं. आजही मला नक्की सांगता येणार नाही की त्या दुपारी मी त्याला माफ केलं का. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी मशीन सुरू केलं आणि दादाला हाक मारली.

"बस इथी. तू सांग, मी टाईप करते."

"शालू, तो प्रोग्रॅम हाये. त्यात कंस, चिन्हं..."

"साहेब कंस वाचते. सांग."

तो सारा उन्हाळा आम्ही तसे बसलो. कूलर घोंघावत होता, दादा एकेक ओळ डोक्यातून आठवून सांगायचा, मी टाईप करायची, साहेब प्रत्येक कंस आणि प्रत्येक चिन्ह गंभीरपणे वाचायचा. आधी मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग एके दिवशी ऐकता ऐकता मी म्हटलं, "दादा, तू हा कंस उघडला, बंद कुठी केला?" तो वाकून बघायला लागला. बराच वेळ बघितलं. "बापरे," म्हणाला, आणि त्या वीज गेलेल्या दुपारनंतर पहिल्यांदा हसला. गजाननही हळूहळू यायला लागला. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच्यासमोर लाखोळीचे वडे ठेवले तेव्हा म्हणाला, "काकू, हिले आमच्या कॉलेजात घाला."

आता विंडोजवर चालेल असा बेतलेला प्रोग्रॅम पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदा चालला. गजाननानं गाडीचा नंबर टाकला, रिकाम्या ट्रकचं वजन टाकलं, भरलेल्याचं टाकलं, आणि दादानं मला एंटर दाबायला सांगितलं. साहेबानं घसा न खाकरता, अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, ट्रकचा नंबर वाचला आणि मग आतल्या कोळशाचं वजन. अंगणात बाबा पाळी संपवून नुकतेच सायकल लावत होते.

"कोणाचा ट्रक आला बे?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"आपलाच हाये, बाबा," दादा म्हणाला. "भरून आला."